डॉक्टर म्हणाले, बसेल

माझी थोरली बहीण विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून पडली तेव्हा तिशीची होती. उजवा गुडघा टरारून सुजला. वैदूनं ओढून बांधला, लेप घातला, आणि थोड्याच दिवसांत अक्का पुन्हा शेणापाण्याला लागली. पाय बरा झाला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. गुडघ्यानं मात्र तसं ठरवलं नव्हतं. पुढं वर्षानुवर्षं तो झिजत गेला. पाय बाहेरच्या अंगाला धनुकलीसारखा वाकला, चालताना आतून कटकट वाजू लागलं, आणि चाळिशी ओलांडली तेव्हा खाली बसायचं म्हटलं की अक्काला गोठ्यातल्या मेढीच्या खांबाला धरून स्वतःला उतरवावं लागे.

मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. अक्काचं गाव तिथून एस.टी.च्या दोन थांब्यांवर. त्यामुळे तिच्या गुडघ्याचं सगळं प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर झालं, आणि अजून त्याची आठवण आली की माझं डोकं तडकतं. राग शांत व्हावा म्हणून मी हे लिहीत नाही. राग बरोबर जागेवर राहावा म्हणून लिहिते आहे, कारण गावात आणि नात्यात ही गोष्ट आता हसत हसत सांगतात.

अक्काच्या दोन म्हशी होत्या. बहात्तरच्या दुष्काळात निम्म्या गावाची जनावरं गेली, पण अक्का तसला पाय घेऊन चारा छावणीत जाऊन राहिली आणि दोन्ही म्हशी जगवून घरी घेऊन आली. दूध डेअरीला जायचं, आणि घरात अक्काच्या शब्दाला जो मान होता तो त्या दुधामुळे होता. म्हशी तिच्याच हाताला पान्हा सोडायच्या. धार काढायची तर उकिडवं बसायचं, चरवी दोन गुडघ्यांत आवळून धरायची आणि दोन्ही हात मोकळे ठेवायचे. गुडघा म्हणजे अक्काला चालायचा अवयव नव्हता. तो चरवी धरायचा अवयव होता.

आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी तिला खरं ते सांगितलं होतं. सांधा संपलाय, नगरला नेऊन दोन्ही हाडं एकमेकांत जखडून घ्या, म्हणाले. दुखणं जाईल, पाय काठीसारखा पक्का होईल, पण वाकायचा नाही.

"मग धार कोन काडंल, तुमी?" अक्का म्हणाली.

डॉक्टर हसले. अक्का हसली नाही. पदर खोचून उठली आणि लंगडत बाहेर गेली.

त्यानंतर दाजींना, म्हणजे अक्काच्या नवऱ्याला, बाजारात कुणीतरी सांगितलं की पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात विलायतेत शिकून आलेले सर्जन आहेत, ते जुना गुडघा काढून नवा लोखंडी घालतात आणि तो वाकतो. दाजी मला म्हणाले, "नर्सबाई, वाकतो म्हनल्यावर बसायला काय अडचन हाय? चला पुन्याला."

दुष्काळ सरून पहिलं पीक हाती आलं होतं. मी रजा काढली. एस.टी.नं दौंड, तिथून रेल्वेनं पुणे. सर्जन चाळिशीचे, हसतमुख, स्वच्छ. त्यांनी अक्काचा गुडघा तपासला, हाडांचा एक्स-रे फोटो काढून घेतला आणि म्हणाले, करू या. मला वरच्या मजल्यावर रक्ताच्या तपासणीसाठी पाठवलं. मी परत आले तोवर अक्का आणि दाजी त्यांच्या खोलीतून बाहेर आलेले होते. दाजींचा चेहरा उजळला होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"बसंल म्हनले," दाजी म्हणाले.

अक्कानं बाकाच्या कडेला हात टेकून आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "रजा किती दिसांची हाय तुजी?" तिचा निर्णय झाला होता.

ऑपरेशन झालं. अक्का बरेच दिवस वॉर्डात होती. तिथं खाटांच्या मधल्या जागेत आम्ही नातेवाईक जमिनीवर बसायचो, जमिनीवर जेवायचो, जमिनीवर झोपायचो. सर्जन रोज सकाळी चार-पाच शिकाऊ डॉक्टर मागं घेऊन यायचे, आणि आम्ही पाय आवरून त्यांना वाट द्यायचो. हे मी मुद्दाम लिहिते आहे. नगर जिल्ह्यातली बाई कुठं आणि कशी बसते हे पाहायला त्या माणसाला गावाला यायची गरज नव्हती. रोज सकाळी ते आम्हाला ओलांडून जात होते.

पायात जे घातलं होतं ती दाराला असते तशी बिजागरी होती. वरून एक दांडा मांडीच्या हाडात, खालून एक दांडा नळीच्या हाडात, मध्ये खीळ. आत पक्कं राहावं म्हणून हाडाच्या पोकळीत एक प्रकारचं सिमेंट भरलं होतं. हे मी दाजींना सांगितलं ते चुकलंच, कारण गावात परत पोचेपर्यंत त्याची बातमी झाली.

अक्काला बघायला अंगण भरून लोक आले.

"आमाला विहिरीच्या कठड्याला सिमिट द्याचं म्हनलं तर परमिट पायजे," दाजींचा चुलतभाऊ म्हणाला. "आन् वहिनीच्या गुडघ्यात गोनी वतली. कुनाची चिठ्ठी नेली हुती दाजी?"

"शिंगनापुरात दाराला बिजागरी न्हाई," दुसरा म्हणाला, "आन् हिच्या पायाला हाय. आता देव कोपायचा."

अक्का खाटेवर पाय लांब करून बसली होती. "कोपू दे," ती म्हणाली. "धार काडून झाली की कोप म्हनावं."

सगळे हसले. तेव्हा हसायला हरकत नव्हती.

पहिले काही आठवडे बरे गेले. दुखणं खरंच कमी झालं. अक्का काठी घेऊन अंगणात चालायची, खुर्चीवर बसायची. खुर्ची शाळेतून मागून आणलेली होती. एक गोष्ट मला तेव्हाच खटकली. उभी राहिली की तिचा उजवा पंजा बाहेर वळलेला असायचा. डावा समोर, उजवा भिंतीकडे. मी म्हटलं, सूज असेल, सवय नसेल.

मग एका रविवारी मी न कळवता गेले. घरात कुणी नव्हतं. गोठ्यातून आवाज येत होते. आत गेले तर अक्का मेढीला दोन्ही हातांनी धरून खाली उतरत होती. दाजी मागून तिच्या खांद्यांवर हात ठेवून दाबत होते, आणि अक्काची धाकटी जाऊ समोर रिकामी चरवी घेऊन उभी होती. गुडघा निम्म्याच्या जरा खाली वाकला आणि तिथं अडला. दारामागं वीट असली की दार जसं अडतं तसा. टाच जमिनीवरून उचलली गेली. अक्काचं तोंड घामानं भिजलं होतं.

"जरा आनी," दाजी म्हणत होते. "काल यापरीस खाली गेल्ती."

मी दाजींचे हात धरून बाजूला केले. "कुणी सांगितलं हिला असं बसवायला?"

"डाक्टरनं."

"कुठल्या डॉक्टरनं?"

"पुन्याच्या. माज्या म्होरं म्हनला. बसंल म्हनला. सवय लागाय नको व्हय?"

मी अक्काला म्हटलं, हे बंद कर, पुण्याला विचारल्याशिवाय पुन्हा करायचं नाही. अक्का मेढीला टेकून उभी राहिली, श्वास घेतला आणि म्हणाली, "तू बारक्या दवाखान्याची नर्स. त्यो मोट्या दवाखान्याचा डाक्टर. तुजं ऐकू का त्येचं?"

जाऊ मागून हळूच म्हणाली, "आन् माज्या हाताला म्हस दूध देत न्हाई बाई. मी तरी काय करू?"

त्या दिवशी माझा राग पुण्याच्या सर्जनवर होता, पण वेगळ्या कारणासाठी. मला वाटलं, या माणसानं असला सल्ला दिलाच कसा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पाय हलायला लागला. अक्काच्याच शब्दांत सांगायचं तर, "पाय माजा जाग्यावर आस्तो आन् आतलं येगळंच फिरतं." चुलीपाशी उभी राहून मागं वळली की नळीच्या हाडात कळ उठायची. दोनदा ती सपाट जमिनीवर पडली. लंगडत का होईना, जुन्या गुडघ्यावर ती कधी पडली नव्हती.

आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. सर्जननी नवा फोटो उजेडावर धरला. खालच्या दांड्याभोवती काळी रेघ दिसत होती. दांडा हाडात सैल झाला होता.

"खाली बसल्या का?" त्यांनी विचारलं.

"तुमीच म्हनला हुता," दाजी म्हणाले.

"मी? मी असं कधीही म्हणालेलो नाही. या सांध्यावर उकिडवं बसता येत नाही. खुर्चीवर बसायचं." मग ते शेजारच्या शिकाऊ डॉक्टरकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले की खेड्यातल्या पेशंटना सूचना देऊन काही उपयोग नसतो, सांध्यात दोष नाही, वापरणाऱ्यात आहे. मी नर्स आहे हे ते विसरले असावेत. किंवा नर्सला तेवढं इंग्रजी कळत असेल असं त्यांना वाटलं नसावं.

"खुर्चीवर बसायचं हे तुम्ही आधी सांगितलं होतं का?" मी विचारलं.

"डिस्चार्जच्या वेळी सगळ्यांनाच सांगतात."

बाहेर आल्यावर मी दाजींना बोल बोल बोलले. डॉक्टर एक सांगतात, तुम्ही एक सांगता, खोटं कोण बोलतंय? दाजी फाटकापाशी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी थट्टा न करता बोलले. "माज्या बायकोच्या पायाची शपत घिऊ का? बसंल म्हनला त्यो."

मला दोघांपैकी कुणाचंच खरं वाटेना. आणि मधल्या मध्ये अक्का. ती गाडीत सबंध रस्ता पाय समोरच्या बाकावर टाकून खिडकीबाहेर बघत होती.

नगरला एक वयस्कर हाडांचे डॉक्टर होते. लष्करात नोकरी करून निवृत्त झालेले, घराच्या पडवीतच पेशंट तपासायचे. गोड बोलत नसत म्हणून त्यांच्याकडे गर्दी कमी असायची. मी अक्काला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी दोन्ही फोटो मागितले, ऑपरेशननंतर लगेच काढलेला आणि आताचा. आताच्याकडे एकदा पाहिलं. पहिल्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

मग अक्काला म्हणाले, "बाई, खाटेवर बसा. तुमचा चांगला पाय, डावा, जमिनीवर ठेवा. टाच हलवू नका. पंजा आत घ्या. आता बाहेर न्या. दिसलं? गुडघा वाकलेला असताना खालचा पाय थोडा फिरतो. देवानं दिलेला गुडघा वाकतो आणि फिरतोही. तुमच्यात घातलीय ती बिजागरी. तिला उघडमीट येते, फिरणं येत नाही."

"मग फिरले की?" अक्कानं विचारलं.

"तुम्ही तर फिरणारच. चुलीकडून पाट्याकडे फिरणार, गोठ्यात फिरणार. ते फिरणं बिजागरीत होत नाही, म्हणून ते दांड्यावर येतं. दांडा हाडात पिळला जातो. रोज थोडा थोडा. खुंटी काढायची असली की आपण काय करतो? ओढत नाही, हलवतो."

मी म्हटलं, "पुण्याला म्हणाले, खाली बसल्यामुळे सैल झाला."

"त्यानं भर पडली. जिथं वाकणं संपतं तिथं जोर दिला की तो सगळा हाडावर येतो. नाही म्हणत नाही मी. पण हा पहिला फोटो बघा. हा बाई घरी जायच्या आधीचा आहे ना?" त्यांनी फोटोवर पेन्सिल टेकवली. "सांधा दोन्ही कडांनी हाडाच्या बाहेर आलाय. हा कुठल्या तरी सहा फुटी गोऱ्या माणसाच्या मापाचा आहे. खालचा दांडा पोकळीच्या मधोमध पाहिजे, तो एका भिंतीला टेकलाय. दुसऱ्या बाजूला नुसतं सिमेंट. आणि सगळा सांधा जरासा बाहेर वळवून घातलाय. चालताना पंजा बाहेर जातो का?"

"जातो," मी म्हटलं. मी तो पहिल्या महिन्यात पाहिला होता.

"एवढा मोठा कशाला घातला?" मीच पुढं विचारलं.

"एकच आणला असणार. मग तो मावावा म्हणून हाड जास्त कापलं. सांध्याला हाडाचं माप द्यायचं सोडून हाडाला सांध्याचं माप दिलंय. शिवाय बिजागरी घालताना गुडघ्याच्या दोन्ही बाजूंचे बंध कापावे लागतात. ते असते तर दांडा सैल झाल्यावर त्यांनी थोडं तरी सावरलं असतं. आता आत धरून ठेवणारं काहीच उरलं नाही. म्हणून बाई सपाटीवर पडतात." त्यांनी फोटो खाली ठेवले. "थोडक्यात, सांधा नीट बसलाच नाही."

दाजी इतका वेळ दाराशी उभे होते. ते म्हणाले, "सांद्याचं ऱ्हाऊ द्या सायेब. त्यो बसू दे न्हाईतर हुबा ऱ्हाऊ दे. ही बसंल म्हनले हुते, त्येचं काय?"

डॉक्टर त्यांच्याकडे वळले. मग त्यांनी विचारलं, "ते काय म्हणाले? जसंच्या तसं सांगा."

"त्येंच्या हातात ती बिजागरी हुती. आमाला दाखवत हुते. मी इचारलं, बसंल ना सायेब नीट? ते म्हनले, बसेल, अगदी घट्ट बसेल, काळजी करू नका."

"घट्ट?"

"मला वाटलं पक्की बसंल. बूड टेकून. डुगडुगायची न्हाई."

आधी अक्काला कळलं. मग मला.

"म्हंजी त्यो," अक्का सावकाश म्हणाली, "लोखंडाचं म्हनत हुता."

आपल्या भाषेत बसेल म्हटलं की तो बसेल, ती बसेल, ते बसेल, सगळं एकच. दाजींनी बायकोबद्दल विचारलं, सर्जननी हातातल्या वस्तूबद्दल उत्तर दिलं. कुणीच खोटं बोललं नव्हतं. गावात आज ही गोष्ट इथपर्यंत सांगतात आणि हसतात. दाजी साधे, डॉक्टर पुण्याचे, शब्दांचा घोटाळा झाला बिचाऱ्यांचा.

मला हे मान्य नाही. घोटाळा व्हायला दोन माणसं ऐकत असावी लागतात. इथं एकच ऐकत होता. म्हशींवर घर चालवणारी बाई गुडघा घेऊन समोर आली आहे, तिचा नवरा "बसंल ना" म्हणून विचारतो आहे, आणि सर्जनच्या मनात एकदाही आलं नाही की हा बाईबद्दल विचारत असेल. त्यांच्या हातात विलायती वस्तू होती, आणि खोलीत त्यांना तेवढी वस्तूच दिसत होती. ती त्यांनी म्हटल्यासारखी घट्ट बसली असती तरी एक वेळ मी गप्प बसले असते. तीही बसली नाही.

अक्कानं मग स्वतःच विचारलं. दाजींना हातानं मागं सारलं. "डाक्टर, मला खाली बसता यील का? कवातरी? व्हय का न्हाई, येवडंच सांगा."

"नाही. कधीच नाही."

"आन् आता काय कराचं?"

"हे काढायचं आणि दोन्ही हाडं जोडून पाय सरळ जखडून टाकायचा. तसंच ठेवलं तर दांडा हाड फोडून बाहेर येईल."

"पयल्या डाक्टरनं हेच सांगितलं हुतं. कर्जतच्या."

"तेव्हा केलं असतं तर सोपं होतं. आता मधलं हाड बरंच गेलंय. वेळ लागेल, आणि पाय आखूड होईल."

अक्कानं लुगड्याचा काठ नीट केला. "काडा," म्हणाली.

नगरलाच एका इस्पितळात त्यांनी स्वतः ऑपरेशन केलं. बिजागरी काढली ती धुऊन त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती माझ्या स्वतःच्या गुडघ्याला लावून पाहिली. मी अक्कापेक्षा अंगानं मोठी, तरी ती माझ्याही गुडघ्याच्या बाहेर येत होती. हे पाहायला हाडांचं शास्त्र शिकावं लागत नाही. कासाराच्या दुकानात बांगडी भरतानासुद्धा आधी हात पाहतात.

अक्का प्लास्टरमध्ये होती तेव्हा मी एकटी पुण्याला गेले. का गेले ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. सर्जननी मला ओळखलं, बसायला सांगितलं. मी बिजागरी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि नगरच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. चिडले नाहीत. "तुमच्या बहिणीच्या केसमधून आम्हाला शिकायला मिळालं," ते म्हणाले. "आपल्या बायकांची हाडं लहान असतात. आता मी लहान मापं मागवली आहेत."

"हाडं लहान असतात हे आधी माहीत नव्हतं?"

"बाई, कुठून तरी सुरुवात करावी लागते."

"खाली बसता येणार नाही, हे तरी आधी माहीत होतं ना?"

"ते त्यांनी विचारलं नाही."

"विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलंत, बसेल. ते तिच्याबद्दल विचारत होते."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते हसले. खरोखर हसले, वाईट मनानं नाही, एखादा चुटका कळावा तसे. "असं झालं होय," म्हणाले.

मी उठले. म्हटलं, "तुमच्या वॉर्डात बायका कुठं बसतात ते उद्या सकाळी राउंडला जाल तेव्हा बघा. पायाखालीच असतात." त्यांचं हसणं थांबलं. घड्याळाकडे बघून ते म्हणाले की त्यांना ऑपरेशनला जायचं आहे. बिजागरी मी तिथंच ठेवून आले. निदान पुढच्या बाईच्या वेळी तिच्याशी ताडून बघता येईल.

अक्काचं प्लास्टर निघायला पुढचा हिवाळा आला. पाय सरळ झाला, न दुखणारा, न वाकणारा, आणि डाव्यापेक्षा चांगला चार बोटं आखूड. चांभारानं एका चपलेला जाड तळ लावून दिला. मधल्या काळात जावेच्या हाताला म्हशी आटत चालल्या होत्या. थोरली तर दूध वर चोरायची, रेडकू लावलं तरच चार थेंब सोडायची. दाजी म्हणाले, दोन्ही इकून टाकू.

"इकायच्या न्हाईत," अक्का म्हणाली. "मला खाली जाता येत न्हाई, तर म्हस वर आना."

दाजींना आधी कळलंच नाही. कळल्यावर म्हणाले, "आता म्हशीला सिंव्हासन बांदू व्हय?"

"बांदा."

त्यांनी गोठ्यात दगड-मातीचा ओटा बांधला, गुडघ्याएवढा उंच, मागून उतार दिलेला. थोरली म्हैस आठवडाभर नुसती वास घेत राहिली आणि मग एके सकाळी चढली. मधल्या काळात अक्काच्या हाताची सवय सुटलेली धाकटी शेवटपर्यंत चढली नाही. तिला बाजार दाखवावा लागला. म्हणजे छावणीतून जगवून आणलेल्या दोन म्हशींतली एक त्या बिजागरीनं नेली, हे दाजींच्या हिशेबात कधीच येत नाही.

आता अक्काच्या गोठ्यात आलेला पाहुणा ओटा बघून कौतुक करतो. काय डोकं लावलं बाईनं, म्हणतो. माझ्याही दवाखान्यात मला लोक सांगतात, तुमच्या बहिणीनं हिंमत सोडली नाही बघा. मी उत्तर देत नाही, कारण दिलं तर भांडण होईल. अक्काला हिंमत लागायची गरज नव्हती. कर्जतच्या डॉक्टरनं खरं सांगितलं तेव्हाच पाय जखडला असता तर तो सरळच राहिला असता, पण आखूड झाला नसता. दोन्ही म्हशींसाठी ओटा तेव्हाही बांधता आला असता. मधली दोन वर्षं, ते पडणं, ते हाड, यातलं काहीही जायला नको होतं.

परवा मी गेले तेव्हा ती धार काढत होती. उजवा पाय मागं ताठ ठेवलेला, कमरेतून वाकलेली, डोकं म्हशीच्या कुशीला टेकवलेलं. चरवी ओट्याच्या कडेवर. गुडघ्यांत धरता येत नाही, म्हणून म्हशीनं पाय झाडला की ती एका हातानं चरवी सावरायची आणि दुसऱ्यानं धार चालू ठेवायची. पूर्वीच्या निम्म्या वेगानं काम चाललं होतं.

झाल्यावर तिनं चरवी उचलली. कमरेला हात लावून सरळ झाली, आणि चरवी हातात धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं काही सांगायचं आहे.

"घे की," ती म्हणाली. "ओट्यावर ठिवली तर म्हस लवंडती, आन् भरल्याली खाली ठिवता येत न्हाई मला. कुनी येईस्तोवर आशीच हुबी आस्ते."

"आणि कुणी आलं नाही तर?"

"येतं कुनीतरी."

मी चरवी घेतली. काठोकाठ भरली होती, फेस वर आला होता. कुणी येईस्तोवर भरलेली चरवी हातात धरून गोठ्यात उभं राहायचं, हे माझ्या बहिणीला आता रोजचं झालं आहे. मला ते रोजचं व्हायला नको आहे.